फरशी घालण्याआधी

आमच्या घरातली सारवलेली जमीन काढून फरशी घातली, त्या वर्षी मृगाच्या पहिल्या आठवड्यातच आईनं आपलं अंथरूण चुलीशेजारी हलवलं. फरशी गार लागते, एवढंच म्हणाली. चार दिवसांनी तिच्या जागेवरची सतरंजी उचलून पाहिली तर ती खालून ओली होती आणि कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके आले होते. गवंड्याचं काम वाईट नव्हतं. फरशा ओळीत होत्या, सांधे नीट भरलेले होते. चूक फरशीच्या खाली होती. जुनी माती तशीच ठेवून तिच्यावर वाळू पसरली होती आणि वाळूवर माल टाकून फरशी बसवली होती. जमिनीतलं पाणी आणि आईची पाठ यांच्यामध्ये त्याला अडवणारं काहीच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती खोली मी स्वतः उकरली आणि फरशीखालचे थर पुन्हा घातले. नंतर शेजारच्या काही घरांतही हात लावला. हे काम घरातल्या दोन माणसांना जमण्यासारखं आहे. त्यात अवघड कारागिरी नाही, पण क्रम चुकला तर पैसे मातीत जातात. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा, डिग्गी, कॅसलरॉक या बाजूची घरं डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितो आहे. खानापूर, चंदगड, आंबोली, सत्तरी इथेही पाऊस आणि लाल माती याच जातीची आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल.

थंड देशांत जमिनीखाली उष्णतारोधक थर घालतात तो घर तापवायचं इंधन वाचावं म्हणून. तिकडच्या कित्येक जुन्या घरांची जमीन म्हणजे वाशांवर ठोकलेल्या फळ्या. खाली पोकळी असते आणि वाशांच्या मध्ये लोकरीसारखा भराव कोंबतात. आपलं घर भरीव जोत्यावर बसलेलं असतं. घर तापवायचा प्रश्न आपल्याला नाही. आपला प्रश्न ओलीचा आहे आणि ओलीच्या पाठोपाठ येणाऱ्या गारठ्याचा. म्हणून आपल्याकडे पाणी आधी अडवायचं आणि ऊब नंतर धरायची. ओल्या जमिनीवर कितीही महाग भराव घाला, तो ओला झाला की निकामी होतो, कारण पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक. उबेचं सगळं काम भरावात अडकलेली कोरडी हवा करत असते. तिची जागा पाण्यानं घेतली की उरतो तो नुसता ओला लगदा.

फरशी गार का लागते हे जेवायच्या पाटावर बसलं की कळतं. पाट आणि फरशी रात्रभर एकाच खोलीत असतात, दोघांचं तापमान जवळपास सारखंच असतं. तरी पाट उबदार लागतो, कारण लाकूड अंगातली उष्णता हळू ओढतं आणि दगड भराभर ओढतो. शेणानं सारवलेली मातीची जमीन या दोघांच्या मधली. तिच्यात तूस, गवताचे तंतू आणि बारीक छिद्रं असतात. कुणब्यांच्या वाड्यांवर अजून अशा जमिनी आहेत आणि त्या काढायची घाई करू नका असंच मी सांगेन. पण फरशी घालायचं ठरलंच असेल तर ती घालण्याआधी खालचं काम करून घ्या. नंतर ते करायचं तर फरशी फोडावी लागते.

आता पहिली गोष्ट: ओल कुठून येते ते शोधायचं. ही तपासणी पावसाळ्यातच होते. एप्रिलमध्ये जमीन कोरडीच दिसणार. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्या, फरशी पुसून कोरडी करा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीनं हवा आत जाणार नाही अशा चिकटवा. खोलीत दोन-तीन ठिकाणी लावा, त्यातला एक भिंतीपासून हातभर अंतरावर आणि एक मधोमध. एक दिवस-रात्र तसेच राहू द्या. काढताना आधी प्लास्टिकच्या वरच्या अंगावरून बोट फिरवा, मग खालून बघा. खालून थेंब जमले असतील किंवा फरशीचा रंग गडद झाला असेल तर पाणी जमिनीतून वर येतं आहे. खाली कोरडं आणि वरून ओलं असेल तर ते हवेतलं बाष्प आहे. जमिनीतून काही येत नाही, थंड फरशीला घाम येतो आहे.

हा घाम आपल्याकडे फार असतो. २७ अंशांची हवा ९० टक्के दमट असेल तर २५ अंशांच्या थोड्या वरच्याच पृष्ठभागावर पाणी धरू लागतं. जूनमध्ये बाहेरची हवा कोंदट होते आणि फरशी मात्र खालच्या जमिनीमुळे गारच राहते. मग गडूला बाहेरून पाणी सुटतं तसं फरशीला सुटतं. कित्येक घरांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. नुसता घाम असेल तर उष्णतारोधक थर उपयोगी पडतो, कारण फरशी जमिनीपासून तुटली की तिचं तापमान खोलीच्या हवेजवळ येतं. पाणी खालून येत असेल तर तो थर एकटा काही करू शकत नाही.

आणखी एक, माझ्या घरातलं निरीक्षण. पूर्वी माजघराला लागून चूल होती. ती दिवसभर धगधगायची आणि तिच्या उष्णतेनं आजूबाजूची जमीन आणि भिंत वाळत राहायची. आईचं अंथरूण चुलीकडे गेलं त्याला हेच कारण होतं. पुढे गॅस आल्यावर चूल परसात गेली. चूल परत आत आणा असं मी म्हणत नाही, धुरानं डोळे आणि फुप्फुसं जातात. पण घर वाळवायचं जे काम ती न सांगता करत होती ते आता जमिनीच्या बांधणीला करावं लागतं.

कुदळ घरात नेण्याआधी बाहेर फिरा. भर पावसात इरलं किंवा छत्री घेऊन घराला एक फेरी मारा आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जुनी घरं बांधणाऱ्यांनी जोतं उंच घेतलं होतं आणि छपराच्या पाख्या लांब सोडल्या होत्या, म्हणजे पागोळी भिंतीपासून लांब पडायची. पुढे अंगणात मुरूम टाकून टाकून अंगण वर आलं आणि जोतं बुटकं झालं. छपराला पत्रे आले तेव्हा काही घरांच्या पाख्या आखूड झाल्या. आता पागोळी जोत्याच्या पायाशी पडते, शिंतोडे चिऱ्यावर उडतात आणि चिरा पाणी पितो. जांभ्याचा चिरा छिद्रांचा असतो. पावसाळ्याचे चार महिने पायाशी पाणी साचलं तर तो ते आत आणि वर, दोन्हीकडे ओढत राहतो.

याला उपाय साधा आहे आणि त्याला फक्त अंगमेहनत लागते. अंगणाचा भराव उतरवून जोत्याची निदान दीड फूट उंची मोकळी करा. भिंतीपासून बाहेर पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्या. पागोळ्यांच्या रेषेत फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर खणून तो दगडगोट्यांनी भरा आणि त्याचं तोंड उतारावर लांब सोडा. घर टेकडीच्या कुशीत असेल तर डोंगराच्या बाजूचा चर जास्त खोल लागतो, कारण तिकडचं पाणी जमिनीच्या आतून येतं. मात्र चर भिंतीला चिकटून खणू नका, पाया उघडा पडतो. मी पाहिलेल्या दोन घरांत एवढ्यानंच पुढच्या पावसाळ्यात निम्मी ओल गेली आणि फरशी फोडावी लागली नाही. म्हणून हे काम आधी करून एक पावसाळा जाऊ द्या, असं मी आग्रहानं सांगतो. घाई असते हे मला कळतं, घरकुलाचा हप्ता आलेला असतो, गवंडी तयार असतो. पण बाहेरचं पाणी तसंच ठेवून आतून अडवलेली ओल भिंतीतून वर चढते, आणि मातीच्या भिंतीला ती फरशीपेक्षा जास्त मारक आहे.

आतलं काम फेब्रुवारीत काढा, म्हणजे मेपर्यंत सगळं वाळून मृगाच्या आधी घर पुन्हा लागतं. खडी, क्रशरची कच आणि वाळू दुकानातून किंवा परवाना असलेल्या क्रशरवरून घ्या. दुकानात कन्नड बोलावं लागलं तर खडीला जल्ली म्हणतात. जवळच्या ओहोळातून वाळू आणू, जंगलातून गोटे उचलू, असा मोह होतो. आपल्या या बाजूचा फार मोठा भाग जंगल आहे आणि काळी व्याघ्र प्रकल्पाची हद्द कित्येक गावांना लागून आहे. तिथून काही काढणं गुन्हा आहे आणि ओहोळाचा तळ उकरला की शेवटी आपल्याच विहिरीचं पाणी खाली जातं.

दहा बाय बारा फुटांची खोली धरू. सगळे थर मिळून साधारण फूटभर जाडी होते. जोत्याला उंची असेल आणि उंबरठा परवानगी देत असेल तर थोडं वर चढा, थोडं खाली खणा. खणताना एक गोष्ट कधीही विसरू नका: भिंतीच्या पायाच्या तळापेक्षा खाली जायचं नाही आणि मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला लागून सरळ खड्डा घ्यायचा नाही. आधी एका कोपऱ्यात हातभर उकरून पाया किती खोल आहे ते बघा. भिंतीच्या कडेला माती उतरती ठेवा आणि मग मध्यभाग खोल करा. जुनी भिंत फुगलेली किंवा तडकलेली असेल तर हे काम स्वतः करू नका, जाणत्या मेस्त्रीला आधी दाखवा.

खणलेला तळ धुमसानं ठोकून घट्ट करा आणि वर सहा इंच खडी पसरा. खडी वीस मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि धुतलेली हवी, भुकटी नसलेली. सगळ्या थरांमध्ये मी या थराला सर्वांत जास्त मान देतो. दिव्याची वात तेल वर ओढते तशी बारीक माती पाणी वर ओढते, चिकणमाती तर कित्येक फूट. खडीच्या तुकड्यांमधल्या फटी मोठ्या असल्यामुळे तिथे वात तुटते. म्हणूनच खडीत मुरूम किंवा कच मिसळून पैसे वाचवू नका, मिसळलं की वात पुन्हा जोडली गेली. जुन्या कौलांचे तुकडे किंवा चिऱ्याचा चुरा या थरात घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. कौल आणि चिरा दोन्ही पाणी पितात, त्यामुळे इथे ते नकोत. कौलांना वरच्या थरात जागा आहे, ती पुढे सांगतो. या खोलीला साधारण ६० घनफूट खडी लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त.

खडीवर सिमेंटची रिकामी पोती उलगडून अंथरा आणि त्यांवर इंचभर कच किंवा वाळू टाकून हातानं सपाट करा. पोती अशासाठी की वाळू खडीत गळून जाऊ नये. वाळू अशासाठी की खडीच्या टोकांनी वरचा कागद फाटू नये. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर खुणा करून घ्या. दोरी ताणून काम केलं की चुकत नाही.

आता कागद. दुकानात हजार गेजचं पॉलिथिन मागा, म्हणजे २५० मायक्रॉनचं. भाजीच्या वाफ्यावर घालतात तो मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा असतो, तो इथे टिकत नाही. शेततळ्याला घातलेल्या ५०० मायक्रॉनच्या कागदाचा उरलेला तुकडा कुणाकडे असेल तर उत्तम. शक्य तो अखंड कागद घ्या. जोड द्यावाच लागला तर फूटभर एकावर एक घेऊन दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारा. चारही भिंतींवर कागद फूटभर वर चढवून ठेवा, कापायची घाई करू नका. कागद अंथरल्यावर चप्पल घालून त्यावर कुणी जायचं नाही. माझ्याकडे एका मदतनीसाच्या बुटाखालच्या खड्यानं भोक पडलं होतं आणि ते केवळ कागदाच्या खालून उजेड टाकून पाहिल्यामुळे सापडलं. भोक सापडलं तर त्याच कागदाचा वीतभर तुकडा वर लावून चारही कडा बंद करा.

इथवरचं काम घरातल्या प्रत्येक खोलीला चांगलं. यापुढचा उष्णतारोधक थर मात्र सगळीकडे घालू नका. तो घातला की उन्हाळ्यात फरशीचा गारवाही जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ओटीवर उघड्या फरशीवर आडवं होण्याचं सुख मी तरी सोडणार नाही. म्हणून ओटी, पडवी आणि स्वयंपाकघर यांना खडी आणि कागद पुरे. म्हातारी माणसं, बाळंतीण किंवा लहान मुलं जमिनीवर झोपतात ती एक खोली धरून तिथे पुढचा थर घाला. खर्चही तेवढाच कमी होतो.

हा थर म्हणजे दोन इंच जाडीचे थर्माकोलचे तक्ते. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल चालत नाही, ते काँक्रीटच्या वजनानं बसतं. घनता निदान २० किलो प्रति घनमीटर हवी. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका, वजन करा. चार फूट बाय दोन फूट बाय दोन इंचांचा तक्ता तराजूत पाऊण किलोच्या आसपास भरला तर घनता बरोबर आहे, चारशे ग्रॅमच भरला तर परत करा. धान्याची कणगी किंवा लोखंडी कपाट उभं राहणार असेल तिथे किलोपेक्षा जड तक्ता घ्या. एक्सपीएस नावाचे रंगीत, अधिक घट्ट तक्ते मिळतात, ते पाणी जवळजवळ शोषत नाहीत. ओल जास्त असलेल्या खोलीला परवडत असतील तर तेच घ्यावेत. तक्ते जवळच्या बाजारात नसतील तर हुबळी, बेळगाव किंवा मडगावला चौकशी करावी लागेल. १२० चौरस फुटांना असे पंधरा तक्ते लागतात, तुटफुटीसाठी एक जास्त घ्या. दोन इंच थर्माकोल उष्णता अडवतं ते सहा फुटांहून जाड काँक्रीटइतकं, त्यामुळे त्याहून जाड थर आपल्याकडे विनाकारण आहे.

तक्ते वीटकामासारखे सांधे चुकवून बसवा. कापायला धारदार पातं आणि सरळ पट्टी पुरते. फटींत थर्माकोलचेच काप ठोसा. भिंतीच्या कडेला अर्धा इंच जाडीची पट्टी उभी लावा, म्हणजे वरचं काँक्रीट भिंतीला टेकणार नाही. थर्माकोलजवळ पेट्रोल, थिनर किंवा पातळ केलेलं डांबर आणू नका, ते साखरेसारखं विरघळतं. विजेची वायर त्याला उघडी टेकवू नका, वायरीचं प्लास्टिक काही वर्षांत कडक होऊन तडकतं. वायर नेहमी नळीतून न्या. आणि चुलीखाली किंवा चुलीच्या आजूबाजूला चार फुटांत थर्माकोल घालायचंच नाही. तिथे कागदावर जुन्या कौलांचे तुकडे आणि माती यांचा भराव घाला. कौलांची वर सांगितलेली जागा ती हीच.

थर्माकोलवर पुन्हा एक पातळ प्लास्टिक अंथरून कोंबडीजाळी टाका आणि दोन इंच काँक्रीट घाला: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी. जाळी काँक्रीटच्या मध्यावर यावी, तळाशी पडून राहू नये, म्हणून माल टाकता टाकता ती हातानं थोडी उचलत जा. साडेतीन ते चार पोती सिमेंट लागेल. एका दमात पूर्ण खोली करा, अर्धी आज आणि अर्धी उद्या केली की मध्ये तडा जातो. दहा दिवस पाणी मारा. मग फरशी, आणि फरशी होऊन माल वाळल्यावर भिंतीवर वर चढवलेला कागद फरशीच्या अर्धा इंच वर कापून टाका.

तो अर्धा इंच मुद्दाम आहे, कारण वाळवी. थर्माकोल वाळवीचं अन्न नाही, पण ती ते पोखरून वाट करते आणि वरच्या चौकटीपर्यंत, कणगीपर्यंत जाते. कागद भिंतीच्या कडेला वर आलेला असला तर तिला कागद आणि भिंत यांच्यामधून यावं लागतं आणि तिची मातीची नळी फरशीच्या वर उघडी दिसते. तिथे सिमेंटची पट्टी चिकटवून सांधा झाकला तर ती दिसणारच नाही. लाकडाची पट्टी हवी असेल तर स्क्रूनं लावा, वर्षातून दोनदा काढून बघता येते. खणलेल्या तळाला वाळवीचं औषध मारायचं असेल तर ते परवानाधारक माणसाकडून करून घ्या. विहीर जवळ असेल तर मी ते मारूच नका असं म्हणेन, लाल मातीतून पाणी कुठून कुठे जातं ते वरून दिसत नाही.

ज्यांना मातीचीच जमीन ठेवायची आहे त्यांच्यासाठी हे. खडी, पोती, वाळू आणि कागद वर सांगितल्याप्रमाणे. कागदावर तीन इंच माती आणि भाताचं तूस यांचा भराव. तूस भातगिरणीत मिळतं, त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे ते पेंढ्यासारखं लवकर कुजत नाही आणि त्याच्या पोकळीत हवा राहते. मात्र ते पूर्ण कोरडं आणि पाखडलेलं हवं, दाणे राहिले की उंदीर येतात. तूस आणि चाळलेली लाल माती आकारमानानं निम्मी-निम्मी घ्या, पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा धरेल. हे चोपून घट्ट करा, आठवडाभर वाळू द्या, मग वर दोन इंच नुसत्या मातीचा थर. चोपण्यानं रोज संध्याकाळी चोपत राहायचं, तडे दिसले की शेणकाला शिंपडून पुन्हा चोपायचं. जमीन टणक झाली आणि टाच मारल्यावर खूण उमटेनाशी झाली की सारवण. जमीन काळी दिसावी म्हणून जुन्या सेलमधली काळी पूड सारवणात घालायची सवय अजून काही घरांत आहे. ती पूड विषारी असते आणि त्याच जमिनीवर मूल रांगतं. रंग हवाच असेल तर लाकडी कोळशाची पूड घाला.

ही जमीन थर्माकोलइतकी उष्णता अडवत नाही, पण पायाला फरशीहून कितीतरी उबदार लागते. दोष एकच: खाली कागद असल्यामुळे ती फक्त वरूनच वाळते. म्हणून कामाला फेब्रुवारीऐवजी जानेवारीतच हात घाला, आणि पावसाळ्यात पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या.

भाड्याचं घर असेल, फरशी नवी असेल किंवा भिंतींकडे बघून खणायची भीती वाटत असेल, तर खोलीचा एक भाग उचलून घ्या. झोपण्यापुरता सहा बाय सात फुटांचा फळ्यांचा माचा. पाडलेल्या घराचं जुनं लाकूड वापरा, इंचभर जाडीच्या फळ्या, खाली तीन-चार इंच मोकळी जागा. पायांखाली चपटा दगड ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. त्या फटीतून हवा फिरते, फळ्या कोरड्या राहतात आणि वाळवी दगडावर चढताना दिसते. माचा अखंड करू नका. दोन-दोन फुटांचे सुटे भाग केलेत तर उचलून खाली केर काढता येतो. फळ्यांखालच्या वाशांच्या मध्ये एक्सपीएसचे काप बसवले तर थंडीतही पुरतं. आमच्या शेजारच्या आजी अशाच माच्यावर झोपतात.

नव्या फरशीवर पहिला महिनाभर सतरंजी किंवा चटई पसरू नका. काँक्रीटमधलं पाणी निघायला निदान तेवढा वेळ लागतो, आणि खाली कागद असल्यामुळे तेही वरूनच निघतं. पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्याला, प्लास्टिकचा तुकडा चिकटवून पुन्हा तीच तपासणी करा, आधी जिथे लावला होता त्याच जागी. कडेला ओल दिसली आणि मधोमध नाही, तर भिंतीतून येते आहे. मग कुदळ घेऊन बाहेर पागोळ्यांच्या चरापाशी जा, बहुतेक तिथे पाचोळा साठून पाणी तुंबलेलं सापडेल.